हवामानाच्या उपग्रहाचें उड्डाण व शेतकऱ्याचा लाभ

शेतीच्या कामांतील बहुतेक चुका मागाहून थोड्याफार सुधारतां येतात. खत कमी पडलें तर वरखत देतां येतें, तण माजलें तर एक खुरपणी जास्त करतां येते. परंतु पेरणीची वेळ चुकली तर तिला उपाय नाहीं. पहिल्या सरीला भुलून बीं मातींत टाकावें आणि पुढें तीन आठवडे पावसानें तोंड दाखवूं नये, म्हणजे बियाणें, खत व मेहनत हीं सर्व वायां जाऊन दुबार पेरणी कपाळीं येते. दुबार पेरणीस बीं मिळालें तरी गेलेला हंगाम कांहीं परत मिळत नाहीं. म्हणूनच आपल्या वाडवडिलांनीं नक्षत्रें व त्यांचीं वाहनें, वाऱ्याची दिशा, मुंग्यांची धांवपळ, कावळ्याच्या घरट्याची जागा अशा अनेक खुणा जपून ठेवल्या. त्या सर्व खुणांमागें एकच प्रश्न होता, आणि आजहि तो तोच आहे. पाऊस कोठपर्यंत आला आहे, आणि आला तर तो टिकेल किंवा नाहीं?

या प्रश्नाच्या उत्तराला साह्य व्हावें म्हणून १७ फेब्रुवारी २०२४ रोजीं सायंकाळीं ५ वाजून ३५ मिनिटांनीं आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावरील श्रीहरिकोटा बेटावरून ‘इन्सॅट-३डीएस’ नांवाचा हवामानाचा उपग्रह अग्निबाणावर चढवून आकाशांत पाठविण्यांत आला. शेतकीच्या मासिकांत अग्निबाणाची हकीगत कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु या उपग्रहाचा खर्च केंद्र सरकारच्या ज्या भूविज्ञान मंत्रालयानें उचलला, त्याच मंत्रालयाखालीं आपलें हवामान खातें आहे. आणि त्या खात्याच्या अंदाजाकडे शेतकऱ्याइतका डोळे लावून बसणारा दुसरा वर्ग क्वचितच असेल. आपल्यासाठीं जें यंत्र एवढ्या उंचीवर नेऊन ठेवलें, तें काय पाहतें व काय पाहूं शकत नाहीं हें ज्याला समजलें, त्यालाच त्याचा खरा उपयोग करून घेतां येईल. यास्तव प्रस्तुत लेखांत त्या उड्डाणाची माहिती देऊन, त्याचा लाभ शेतापर्यंत कसा येतो व वाटेंत कोठें अडतो, याचा विचार केला आहे.

समुद्रावर पाहणारें कोणी नव्हतें

हिंदुस्थानांत हवामान खातें १८७५ सालीं स्थापन झालें. १८६४ सालीं कलकत्त्यास झालेलें भयंकर चक्रीवादळ आणि त्यामागून पडलेले दुष्काळ हीं त्याच्या स्थापनेचीं कारणें होत. ठिकठिकाणच्या वेधशाळांतून तारेनें आलेले आंकडे नकाशावर मांडावयाचे व त्यांवरून पुढील अंदाज बांधावयाचा, अशी तेव्हांची रीत होती. १९२८ सालीं खात्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून पुण्यास आलें व १९४४ सालीं तें दिल्लीस गेलें. मध्यंतरीं १९३२ मध्यें शेतकी हवामानाची स्वतंत्र शाखा डॉ. एल. ए. रामदास यांच्या देखरेखीखालीं पुण्यास सुरू झाली, आणि १९४५ पासून नभोवाणीवरून शेतकऱ्यांसाठीं हवामानाचें वार्तापत्र देण्यांत येऊं लागलें.

काम चोख होतें. पण त्यांत एक मोठी उणीव होती. आपला पाऊस समुद्रावरून येतो, आणि समुद्रावर वेधशाळा नसते. अरबी समुद्रांत किंवा बंगालच्या उपसागरांत काय शिजत आहे, हें त्या वाटेनें जाणाऱ्या एखाद्या जहाजानें कळविलें तरच कळावें. एरवीं वादळ किनाऱ्याजवळ येईपर्यंत त्याचा नीट पत्ता लागूं नये, अशी स्थिति होती.

ही उणीव दूर करण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे फार उंचावरून खालीं पाहणें. १ एप्रिल १९६० रोजीं अमेरिकेनें ‘टायरॉस-१’ हा उपग्रह सोडला. तो अवघे ७८ दिवस चालला. परंतु ढगांचीं हजारों चित्रें त्यानें खालीं पाठविलीं, आणि वाऱ्याचे मोठमोठे भोंवरे वरून कसे दिसतात हें शास्त्रज्ञांस प्रथमच सविस्तर पाहावयास मिळालें.

उपग्रह एका जागीं कसा राहतो ?

गोफणींत दगड घालून ती फिरविली असतां दोरी त्या दगडास आंत ओढून धरते आणि दगडाची गति त्याला बाहेर नेऊं पाहते. त्या दोहोंच्या मेळानें दगड वर्तुळांत फिरत राहतो. उपग्रहाच्या बाबतींत दोरीचें काम पृथ्वीचें आकर्षण करतें. उपग्रहास पुरेसा वेग दिला, तर तो पृथ्वीकडे सारखा ओढला जात असूनहि तिच्यावर पडत नाहीं, तिच्याभोंवतीं फिरत राहतो.

यांत एक चमत्कारिक नियम आहे. उपग्रह जितका जवळ, तितकी त्याची फेरी लवकर पुरी होते. सुमारें आठशें किलोमीटर उंचीवरचा उपग्रह साधारण शंभर मिनिटांत पृथ्वीची फेरी करतो. पृथ्वीचा स्वाभाविक उपग्रह जो चंद्र, त्यास मात्र सत्तावीस दिवस लागतात. या दोहोंच्या मध्यें, विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, अशी एक जागा आहे कीं जेथें फेरीस २३ तास ५६ मिनिटें लागतात. पृथ्वीहि स्वतःभोंवतीं तेवढ्याच वेळांत फिरते. त्यामुळें त्या जागेवरचा उपग्रह वास्तविक सेकंदास तीन किलोमीटर वेगानें धांवत असला, तरी खालून पाहणारास तो एकाच ठिकाणीं टांगल्यासारखा राहतो.

जवळच्या उपग्रहाला ढग अधिक स्पष्ट दिसतात. पण तो एकाच मुलुखावरून दिवसांतून सामान्यतः दोनदांच जातो. वळवाचा ढग तीन तासांत जन्मास येऊन गारा पाडून नाहींसाहि होतो. असा ढग धरावयाचा, तर राखणदारानें माळ्यावरून हलतां कामा नये. म्हणून हवामानाच्या कामाला त्या दूरच्या पण स्थिर जागेची एवढी किंमत आहे. इन्सॅट-३डीएस यास जावयाचें होतें तें याच जागीं.

परक्याच्या गाडीपासून स्वतःच्या गाडीपर्यंत

त्या जागीं माल नेऊन पोहोंचविणारी गाडी आपल्या देशाजवळ पुष्कळ काळ नव्हती. इन्सॅट मालेंतील पहिला उपग्रह, इन्सॅट-१ए, १० एप्रिल १९८२ रोजीं अमेरिकन अग्निबाणानें नेला. तो पांच महिन्यांच्या आंतच निकामी झाला. दुसरा, इन्सॅट-१बी, ऑगस्ट १९८३ अखेर ‘चॅलेंजर’ या अमेरिकन अवकाशयानांतून गेला. त्यानें मात्र उत्तम काम दिलें, आणि आपल्या मुलुखावरील ढगांचीं चित्रें आपल्याच उपग्रहाकडून नित्य मिळूं लागलीं. केवळ हवामानासाठींच केलेला आपला पहिला उपग्रह १२ सप्टेंबर २००२ रोजीं श्रीहरिकोट्याहून आपल्याच ‘पीएसएलव्ही’ अग्निबाणानें गेला. पुढें कल्पना चावला यांच्या स्मरणार्थ त्यास ‘कल्पना-१’ हें नांव देण्यांत आलें. तो १,०६० किलो वजनाचा होता, म्हणून त्या अग्निबाणास पेलला. अधिक यंत्रें असलेल्या दोन टनांवरील उपग्रहास अधिक बळकट वाहन हवें होतें. २६ जुलै २०१३ रोजीं गेलेल्या इन्सॅट-३डी या उपग्रहासाठींहि युरोपियन ‘एरियन’ अग्निबाणाचें भाडें भरावें लागलें.

अडचण होती ती शेवटच्या टप्प्याची. मोठें ओझें त्या उंचीच्या वाटेस लावण्यास द्रवरूप हायड्रोजन व द्रवरूप ऑक्सिजन यांवर चालणारें एंजिन सर्वांत काटकसरीचें. पण हायड्रोजन द्रवरूप राहतो शून्याखालीं २५३ अंशांवर, आणि ऑक्सिजन शून्याखालीं १८३ अंशांवर. एवढ्या थंडीचें इंधन टांकींत साठवून, नळ्यांतून वाहवून, निमिषांत हजारों अंशांच्या ज्वाळेंत पेटवावयाचें, ही विद्या जगांत थोड्याच राष्ट्रांजवळ होती. १९९१ सालीं रशियाशीं या एंजिनांचा व त्यांच्या विद्येचा करार झाला. परंतु अमेरिकेच्या दडपणामुळें १९९३ मध्यें विद्या देण्याचें कलम मोडलें, आणि तयार टप्पेच तेवढे पदरांत पडले. मग आपल्या शास्त्रज्ञांनीं ही विद्या स्वतःच साध्य करण्याचें व्रत घेतलें. स्वदेशी शीत-एंजिनाचा पहिला प्रयोग १५ एप्रिल २०१० रोजीं फसला. ५ जानेवारी २०१४ रोजीं तो साधला. ८ सप्टेंबर २०१६ रोजीं या एंजिनाच्या ‘जीएसएलव्ही’ अग्निबाणानें इन्सॅट-३डीआर हा हवामानाचा उपग्रह नेला. परंतु १२ ऑगस्ट २०२१ रोजीं याच जातीच्या अग्निबाणाचें शीत-एंजिन पेटलें नाहीं. हायड्रोजनच्या टांकींतील दाब कमी पडला होता. पृथ्वीवर नजर ठेवण्यासाठीं केलेला एक उपग्रह त्या दिवशीं हातचा गेला. म्हणून २०२४ सालीं इन्सॅट-३डीएस त्याच जातीच्या अग्निबाणावर चढला, तेव्हां पाहणाऱ्यांच्या मनांत धाकधूक असणें स्वाभाविक होतें.

उड्डाण

हा अग्निबाण ५१.७ मीटर, म्हणजे सुमारें सतरा मजल्यांच्या इमारतीएवढा उंच. निघतेवेळीं त्याचें वजन ४२० टन. त्यांत उपग्रह केवळ २,२७४ किलोंचा. म्हणजे शंभर किलोंचें एक पोतें धन्याच्या घरीं पोहोंचविण्यासाठीं एकशें चौऱ्याऐंशी पोत्यांचें वजन सोबत घेऊन निघावें, आणि तें सर्व वाटेंत जाळून किंवा टाकून द्यावें, असा हा व्यवहार आहे.

श्रीहरिकोट्याची जागाहि विचारपूर्वक निवडलेली आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. तेव्हां पूर्वेच्या रोखानें सोडलेल्या बाणास तिचा वेग आयताच मिळतो, आणि विषुववृत्त जितकें जवळ तितका तो अधिक मिळतो. शिवाय पूर्वेस उघडा समुद्र असल्यानें रिकामे टप्पे वस्तीवर पडण्याचें भय नाहीं.

या अग्निबाणाचे तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्याच्या मधल्या नळकांड्यांत १३९ टन घन इंधन, व त्यास बिलगलेल्या चार बाजूंच्या बाणांत प्रत्येकीं ४० टन द्रव इंधन असतें. घन इंधन एकदां पेटलें कीं विझवितां येत नाहीं. म्हणून बाजूचे चार बाण जवळजवळ पांच सेकंद आधीं पेटवितात आणि चारहि नीट जोर धरतात किंवा नाहीं हें पाहून मगच मधला टप्पा पेटूं देतात. ही खबरदारी फुकट नाहीं. मार्च २००१ मध्यें या जातीच्या पहिल्याच अग्निबाणाच्या एका बाणानें पुरेसा जोर धरला नाहीं, तेव्हां यंत्रानें आपण होऊन उड्डाण थांबविलें व सर्व वांचलें. तोच अग्निबाण दुरुस्तीनंतर १८ एप्रिल २००१ रोजीं उडाला.

१७ फेब्रुवारीस हें सर्व यथास्थित झालें. सुमारें अडीच मिनिटांत पहिला टप्पा संपून गळाला व ४० टन द्रव इंधनाचा दुसरा पेटला. हवेचा दाट थर मागें पडल्यावर उपग्रहावरचें टोपण दुभंगून निघून गेलें. कणसावरची पानें दाणा भरल्यावर काढावींत तसेंच तें. पांच मिनिटांच्या सुमारास दुसरा टप्पा सुटून शीत-एंजिन पेटलें. २०२१ सालचा घात याच क्षणीं झाला होता. या वेळीं तें पेटलें, तेरा मिनिटांहून अधिक काळ जळत राहिलें, आणि उड्डाणानंतर सुमारें एकोणीस मिनिटांनीं उपग्रह मोकळा झाला.

पण हा कांहीं मुक्काम नव्हे. अग्निबाणानें उपग्रहास एका लांबट वाटेवर सोडलें. तिचें एक टोंक पृथ्वीपासून सुमारें १७० किलोमीटरांवर, तर दुसरें साडेछत्तीस हजार किलोमीटरांच्याहि थोडें पलीकडे होतें. तेथून वर्तुळाकार वाटेस लागण्याचें काम उपग्रहास आपल्या पोटांतील लहान एंजिनानें करावयाचें असतें. कर्नाटकांतील हासन येथील नियंत्रण केंद्रांतून आज्ञा देऊन हें एंजिन चार वेळां चालविण्यांत आलें आणि २२ फेब्रुवारीपर्यंत उपग्रह आपल्या उंचीस लागला. ७ मार्च २०२४ रोजीं त्याच्या यंत्रांनीं पृथ्वीचीं पहिलीं चित्रें घेतलीं. हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. २९ जानेवारी २०२५ रोजीं त्याच जातीच्या अग्निबाणानें दिशादर्शनाचा एक उपग्रह बिनचूक सोडला. परंतु उपग्रहांतील झडप न उघडल्यानें त्याचें एंजिन चालेना, आणि तो लांबट वाटेवरच अडकला.

हा डोळा काय पाहतो ?

इन्सॅट-३डीएस वर हवामान पाहणारीं मुख्य यंत्रें दोन आहेत. पहिलें चित्रें घेणारें. तें सहा प्रकारच्या किरणांत पृथ्वी पाहतें. एक प्रकार आपल्या डोळ्यांस दिसणाऱ्या प्रकाशाचा, तो दिवसा उपयोगी. बाकीचे अवरक्त किरणांचे. त्यांतील उष्णतेचे किरण रात्रींहि काम देतात. उंच ढगाचा माथा थंड असतो व खालच्या ढगाचा त्या मानानें उबदार. त्यावरून ढग किती वर चढला हें समजतें. एका प्रकारच्या किरणांत ढग नसतांहि हवेंतील बाष्प दिसतें. अर्ध्या अर्ध्या तासानें घेतलेलीं चित्रें एकापुढें एक मांडलीं, कीं ढग कोणत्या दिशेस किती वेगानें सरकले तें मोजतां येतें आणि त्यावरून वरच्या वाऱ्याचा हिशेब लागतो. समुद्राच्या पृष्ठभागाचें तापमानहि यांतच समजतें.

दुसरें यंत्र हवेच्या थरांचा वेध घेणारें आहे. एकोणीस प्रकारच्या किरणांवरून, कोणत्या उंचीवर हवा किती उष्ण व किती ओलसर आहे, हें तें काढतें. विहीर खणतांना मुरूम कोठें, खडक कोठें व पाझर कोठें हें जसें थराथरानें कळतें, तसाच हा वरून खालीं घेतलेला ठाव समजावा.

याखेरीज दोन संदेशवाहक यंत्रें आहेत. एक संकटांत सांपडलेल्या जहाजांची व नावांची हांक पोहोंचविण्यासाठीं. दुसरें आपल्या विषयास फार महत्त्वाचें आहे: दुर्गम जागीं उभ्या केलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रांनीं पाठविलेले पाऊस, वारा, उष्णता यांचे आंकडे झेलून तें मध्यवर्ती ठाण्यास देतें. म्हणजे हा उपग्रह केवळ डोळा नसून जमिनीवरच्या मापकांचा जासूदहि आहे. आकाशांतला उपग्रह आणि शिवारांतला पर्जन्यमापक हीं परस्परांचीं प्रतिस्पर्धी नव्हेत, एकाच गाडीचे ते दोन बैल आहेत, ही गोष्ट वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी.

काय पाहूं शकत नाहीं ?

उष्णतेच्या किरणांत या उपग्रहास दिसणारा लहानांत लहान तुकडा चार किलोमीटर लांब व तितकाच रुंद असतो. एकरांत मांडलें तर एका ठिपक्यांत जवळजवळ चार हजार एकर जमीन येते. बांधाच्या अलीकडे पाऊस व पलीकडे कोरडें, हा अनुभव प्रत्येक शेतकऱ्यास आहे. त्या बांधाची खबर उपग्रहास नसते.

दुसरी गोष्ट अशी कीं, उपग्रह ढगाचा माथा पाहतो, त्याचें पोट नव्हे. उंच पसरलेला पिंजल्या कापसासारखा ढग फार थंड असूनहि एक थेंब देत नाहीं. उलट आपल्या सह्याद्रीवर मोसमी वारे डोंगरास धडकून वर चढतात, तेव्हां फारसे उंच नसलेले ढगहि धो धो कोसळतात. केवळ माथ्याच्या थंडीवरून पावसाचा हिशेब केला, तर घाटमाथ्याच्या पावसाचें माप कमी पडतें. त्यांतून महाबळेश्वरीं वर्षास साडेपांच हजार मिलीमीटरांच्या आसपास पाऊस, आणि घाट उतरून वाईस आलें कीं त्याचा सहावा हिस्साहि नाहीं! अशा मुलुखांत वरच्या डोळ्याची चूक खालच्या मापकानेंच दुरुस्त होऊं शकते.

उपग्रहाचे आंकडे मोठ्या गणकयंत्रांत घालून पुढील अंदाज काढतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें तयार केलेली सहा किलोमीटरांच्या चौकटींची नवी अंदाजपद्धति २६ मे २०२५ रोजीं कामास लागली. ही प्रगति मोठी आहे. पण त्या चौकटींतहि सुमारें नऊ हजार एकर येतात. तेव्हां तालुक्याचा किंवा मंडळाचा अंदाज हा आपल्या गट नंबराचा अंदाज नव्हे, हें समजून वागावें.

डोळा, जीभ आणि कान

१९९९ सालच्या ऑक्टोबर अखेरीस ओरिसाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळलें व सुमारें दहा हजार माणसें मेलीं. तेव्हां उपग्रह नव्हते असें नाहीं; वादळ दिसत होतें. कमी पडली ती गांवोगांव वेळेवर खबर, आणि खबर लागल्यावर जावयास आसरा. १२ ऑक्टोबर २०१३ रोजीं त्याच किनाऱ्यावर ‘फायलिन’ वादळ आलें. अंदाज सुधारले होते, इन्सॅट-३डी नुकताच कामास लागला होता, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे लाखों लोकांस आधींच सुरक्षित जागीं हलविण्यांत आलें होतें. या वेळीं मृतांची संख्या शंभराच्या आंत राहिली. आपल्याकडे ३ जून २०२० रोजीं अलिबागच्या दक्षिणेस ‘निसर्ग’ वादळ आलें, तेव्हांहि पूर्वसूचनेमुळें माणसें वांचलीं. कोंकणांतील नारळी-पोफळींच्या बागा मात्र कोणास हलवितां येण्याजोग्या नव्हत्या.

यावरून दिसेल कीं, डोळ्यानें पाहिलेलें सांगण्यास जीभ लागते व ऐकण्यास कान लागतात. ज्या वर्षीं हा नवा डोळा आकाशांत चढला, त्याच वर्षीं या जिभेला धक्का बसला, ही गोष्ट येथें नमूद करणें भाग आहे. कृषि विज्ञान केंद्रांतून चालणारीं देशांतील १९९ जिल्हा कृषि-हवामान केंद्रें तालुकावार अंदाजावरून, कोणत्या पिकास केव्हां पाणी द्यावें, फवारणी केव्हां थांबवावी, काढणी केव्हां उरकावी, असा सल्ला स्थानिक भाषेंत देत असत. २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या अखेरीनंतर तीं पुढें चालविलीं गेलीं नाहींत. चारशें वीस टनांचा अग्निबाण उडविणाऱ्या देशास जिल्ह्याजिल्ह्यांत सल्ला देणारीं दोन माणसें ठेवणें जड वाटूं नये. शेतकरी संघांनीं हा विषय आपल्या ठरावांत आणून प्रतिनिधींच्या कानांवर घालावा.

शेतकऱ्यांनीं काय करावें ?

पहिली गोष्ट, पावसाचें आगमन व पेरणीचा पाऊस यांत भेद करावा. २०२५ सालीं मोसमी वारे २४ मे रोजीं केरळांत व २६ मे रोजीं मुंबईस पोहोंचले. एवढ्या लवकर आलेला पाऊस पाहून कोणासहि तिफण बाहेर काढावीशी वाटावी. परंतु मे अखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत वाऱ्यांची पुढील चाल थांबली. अशा वेळीं जमिनींत ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस मुरल्याखेरीज कोरडवाहू पेरणी करूं नये, हा शेतकी खात्याचा जुना सल्लाच खरा उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट, हे मिलीमीटर मोजण्यासाठीं प्रत्येक गांवांत, निदान प्रत्येक सोसायटींत, एक साधा पर्जन्यमापक असावा. तो मोकळ्या जागीं, झाड किंवा भिंत यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवावा, आणि रोज सकाळीं साडेआठ वाजतां वाचून वहींत नोंद करावी. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एकरीं सुमारें चार हजार लिटर पाणी, एवढें लक्षांत ठेवलें कीं पुढील हिशेब घरच्या घरीं होतो.

तिसरी गोष्ट, आपल्या मंडळांतील स्वयंचलित हवामान केंद्रावर गांवानें नजर ठेवावी. त्याच्या भोंवतीं झुडपें वाढलीं, कोळ्याचें जाळें अथवा पाचोळा बसून तोंड बुजलें, किंवा कोणी जनावर बांधलें, तर त्याचा आंकडा खोटा पडतो. तो खोटा आंकडा अंदाजांत जातो आणि पीकविम्याच्या हिशेबांतहि जातो. केंद्रास स्वतः हात न लावतां संबंधित अधिकाऱ्यास लेखी कळवावें व त्याची नक्कल जवळ ठेवावी.

चौथी गोष्ट, अंदाज आला कीं तो वहींत लिहावा आणि प्रत्यक्ष पाऊस त्याच्या समोर मांडावा. तीन-चार हंगामांत आपल्या शिवाराविषयीं अंदाज कोठें खरा ठरतो व कोठें चुकतो, हें आपल्यालाच दिसूं लागेल. दोन दिवसांच्या अंदाजावर फवारणी ठरवावी, पांच दिवसांच्या अंदाजावर काढणीची तयारी करावी, आणि हंगामी अंदाजावर पिकाची निवड करतांना मात्र सर्व जमीन एकाच पिकाखालीं घालूं नये.

उपग्रह पाऊस पाडीत नाहीं, व पाडणार असल्याचा दावाहि कोणी केलेला नाहीं. समुद्रावर जें पूर्वीं कोणास दिसत नव्हतें, तें तो अर्ध्या अर्ध्या तासानें दाखवितो. एवढ्या उंचीवरून आलेल्या त्या खबरीचा शेवटचा पडताळा आपल्या शिवारांतील मापकानेंच घ्यावयाचा आहे. येत्या हंगामापूर्वीं ज्या सोसायटींत असा मापक नसेल, तिनें तो बसवून नोंदीची वही सुरू करावी, अशी सर्व सभासदांस विनंति आहे.